शस्त्रक्रियेनंतरचा शॉक: रक्तस्राव नाही, जंतुसंसर्ग नाही. मग ट्रिप्टेज पाठवलं का?

तापीकाठ

जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे भूलतज्ज्ञ, सर्जन, फिजिशियन, ओटी-वॉर्डातल्या सिस्टर, लॅबवाले अशा सगळ्यांसाठी हा धागा. आजार, म्हणजे मास्टोसायटोसिससारखा मास्ट पेशींचा बिघाड, दुर्मिळ आहे, पण त्याच्यापर्यंत पोचवणारी पायरी, म्हणजे ट्रिप्टेज ही रक्ततपासणी, अगदी साधी आहे आणि नेमकी तीच राहून जाते.

प्रकार असा असतो: हर्निया, पित्ताशय, पिशवी, मुतखडा, काहीही असो, ऑपरेशन सुरळीत होतं. रिकव्हरीत किंवा वॉर्डात गेल्यावर बीपी ६०-७०, नाडी १४०. सलाईन, बीपी चढवायला मेफेन्टरमाइन, पुन्हा मेफेन्टरमाइन. सोनोग्राफीत पोटात रक्त नाही, ईसीजी बरा, ताप नाही. तासा-दोन तासांत पेशंट सावरतो आणि कार्डावर लिहिलं जातं, 'हायपोटेन्शन, कारण समजलं नाही'. पुढे कधीतरी दुसरं हॉस्पिटल, दुसरी औषधं, आणि पुन्हा तेच.

मास्ट पेशी त्वचेत, आतड्यात, फुप्फुसात आणि रक्तवाहिन्यांच्या कडेला बसलेल्या असतात. त्यांच्या आतल्या दाण्यांत हिस्टामिन, ट्रिप्टेज, हेपरिन असतं. दाणे एकदम बाहेर पडले की रक्तवाहिन्या सैल होतात आणि गळायलाही लागतात. जोराच्या झटक्यात दहा मिनिटांत वाहिन्यांमधलं तिसरा हिस्सा पाणी बाहेर जाऊ शकतं. म्हणून नुसतं बीपी वर ढकलणारं औषध पुरत नाही.

दाणे बाहेर पडायचे रस्ते तीन. पहिला नेहमीचा: आयजीई अँटिबॉडी, म्हणजे खरी अॅलर्जी. दुसरा थेट: मॉर्फिन, अॅट्राक्युरियम, सिप्रोफ्लॉक्सासिन, वेगानं सोडलेलं व्हँकोमायसिन ही औषधं अँटिबॉडीशिवायच पेशीला चिथवतात. तिसऱ्या रस्त्यात पेशीच बिघडलेली असते. मास्टोसायटोसिसमध्ये किट जनुकातल्या बदलामुळे या पेशी जास्त असतात आणि हळव्याही असतात. वंशागत अल्फा-ट्रिप्टेसेमियात ट्रिप्टेजच्या जनुकाची जादा प्रत असते. पहिल्या दोन रस्त्यांनी आलेला झटका या तिसऱ्या गटात कितीतरी जास्त जोरात बसतो.

ब्रिटनच्या एनएपी६ पाहणीत (अहवाल २०१८) भुलेच्या काळातली गंभीर अॅनाफिलॅक्सिस (अचानक येणारी जिवावरची रिअॅक्शन) साधारण १०,००० भुलींमागे १ निघाली. कारणांत अँटिबायोटिक सर्वांत पुढे, मग स्नायू शिथिल करणारी औषधं, मग क्लोरहेक्झिडिन (त्वचा साफ करायचं जंतुनाशक). बीपी पडणं सगळ्यांत होतं, पुरळ मात्र सगळ्यांत नव्हतं. 'पुरळ नाही म्हणजे रिअॅक्शन नाही' हे आपल्याकडे फार ऐकू येतं, म्हणून हे आधी सांगितलं. ड्रेपखाली अंग दिसत नाही, सावळ्या कातडीवर लाली ओळखू येत नाही, आणि बीपी ५० असताना कातडीत रक्तच पोचत नाही. पित्त उठतं ते अॅड्रेनालिन देऊन बीपी वर आल्यावर.

कात्री_चिमटा

विषय चांगला आहे, पण एक धोका आत्ताच सांगून ठेवतो. सर्जनच्या हातात 'मास्ट पेशी' हा शब्द पडला की रक्तस्राव शोधायला उशीर होईल. ऑपरेशननंतर बीपी पडलं की पहिला संशय रक्तस्रावाचाच, आणि तोच बरोबर आहे. सोनोग्राफी रिकामी दिसली तरी पाठीमागच्या भागातलं रक्त दिसत नाही. ड्रेनची नळी गुठळीनं बंद असते. त्यानंतर फुप्फुसात गुठळी, हार्ट अटॅक, लॅप्रोस्कोपीनंतर छातीत हवा, स्टेरॉइडवर असलेल्या पेशंटची अॅड्रिनल कमतरता, वर चढलेली स्पायनल (पाठीत दिलेली भूल), भूल देणाऱ्या औषधाची विषबाधा. एवढं झाल्यावर तुमच्या मास्ट पेशी.

तापीकाठ

संशयाचा क्रम मान्य. पण ट्रिप्टेजचं रक्त काढायला हा क्रम लागत नाही. ३ मिली रक्त काढून बाजूला ठेवायचं आणि रक्तस्राव शोधत राहायचं. रक्तस्राव सापडला तर ट्यूब फेकून द्या. ट्यूबच काढली नाही तर ती वेळ परत येत नाही.

आणि खाटेजवळ लगेच उपयोगी पडणारा एक आकडा आहे, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा टक्का. रक्त वाहत असेल तर सलाईन चढवल्यावर तो खाली जातो. मास्ट पेशींच्या झटक्यात प्लाझ्मा बाहेर गळतो म्हणून तो वर जातो. ऑपरेशनआधी ३६ होता आणि बीपी ६० असताना ४४ आला, तर पोट पुन्हा उघडण्याआधी थांबून विचार करा.

एक फसवी बाजूही आहे. मास्ट पेशीतून हेपरिन बाहेर पडतं, गुठळी विरघळण्याची क्रियाही वाढते. एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) लांबतो, जखमेतून, ड्रेनमधून रक्त झिरपायला लागतं. म्हणजे रक्त दिसलं तरी मास्ट पेशींचा झटका नाहीच, असं होत नाही.

पोट उघडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात आतडं ओढल्यामुळे चेहरा लाल होऊन बीपी पडतं ते बहुतेक वेळा वेगळं असतं. तिथे प्रोस्टासायक्लिनचं काम असतं, ट्रिप्टेज वाढत नाही आणि थोड्या वेळात आपोआप सावरतं.

लालझाकण

लॅबच्या बाजूनं नेमकं लिहितो, कारण नमुने चुकीचे येतात.

ट्यूब: लाल झाकणाची प्लेन किंवा पिवळ्या झाकणाची जेल. ३ ते ५ मिली. अर्धा तास उभी ठेवून गोठू द्या, मग सेंट्रीफ्यूज, सीरम दोन छोट्या नळ्यांत वेगळं काढा. एक पाठवा, एक फ्रीझरमध्ये ठेवा. ट्रिप्टेज बऱ्यापैकी टिकाऊ असतं. खोलीच्या तापमानाला दोन दिवस, फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत आठवडाभर, त्याहून जास्त ठेवायचं तर उणे २० अंश. म्हणून 'रात्री लॅब बंद होती' ही सबब चालत नाही. सीरम वेगळं करून फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी कलेक्शन सेंटरला द्या. तपासणी इम्युनोकॅप पद्धतीनं मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये होते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडून पाठवताना आइस पॅकशिवाय डबा देऊ नका. भुसावळच्या फलाटावर दुपारी ४५ अंशांत पडून राहिलेला नमुना कुणीच खात्रीनं वाचू शकत नाही.

वेळा: पहिला नमुना इलाज सुरू झाल्यावर जमेल तितक्या लवकर. दुसरा त्रास सुरू झाल्यापासून १ ते २ तासांनी, ४ तासांच्या पुढे नको. पातळी साधारण तासा-दीड तासात शिखरावर जाते आणि मग दर दोन तासांना निम्मी होते. तिसरा पूर्ण बरं वाटल्यावर कमीत कमी २४ तासांनी. हा तिसरा नमुना म्हणजे त्या माणसाची रोजची पातळी, आणि तोच कुणी पाठवत नाही.

नळीवर 'ट्रिप्टेज १', 'ट्रिप्टेज २' असं लिहून भागत नाही. बीपी कधी पडलं ती वेळ आणि रक्त कधी काढलं ती वेळ, दोन्ही हवं. हिस्टामिन पाठवू नका, ते काही मिनिटांत उतरतं.

सातपुडा

लालझाकण, रिपोर्टवर ट्रिप्टेजची ११.४ (नॅनोग्रॅम प्रति मिली) ही वरची मर्यादा छापून येते. ९.५ आलं की खाली 'नॉर्मल', आणि फाइल बंद. यावर लिहा ना.

लालझाकण

तीच मोठी गफलत आहे. हिशोब असा: रोजची पातळी गुणिले १.२, अधिक २. झटक्याच्या वेळचा आकडा याच्या वर गेला तर मास्ट पेशी खरंच पेटल्या होत्या.

रोजची पातळी ४ असेल तर मर्यादा ६.८. झटक्याच्या वेळी ९.५ आलं म्हणजे रिपोर्टवर 'नॉर्मल', प्रत्यक्षात वाढलेलं. उलट, रोजची पातळी २४ असेल तर मर्यादा ३०.८. झटक्याला २७ आलं तर कागदावर लाल अक्षरात 'वाढलेलं', पण या घटनेत ट्रिप्टेजनं काही सिद्ध केलं नाही. मात्र रोजचीच पातळी २४ आहे, ही स्वतंत्र आणि जास्त महत्त्वाची खबर.

दोन सूचना. तीन-चार लिटर सलाईन गेलं असेल तर आकडा थोडा पातळ होतो. आणि किडनी निकामी असलेल्या पेशंटची, तसंच काही रक्ताच्या कर्करोगांत, रोजची पातळी मुळातच चढी असते.

ओटी_नंबर_दोन

सिस्टरांच्या बाजूनं विचारते. अॅड्रेनालिन किती, कसं पातळ करायचं, यावर ऐनवेळी ओटीत तिघांची तीन मतं निघतात. एकदा इथे लिहून टाका.

तापीकाठ

ताई, आपल्याकडचा अँप्युल १ मिलीचा, त्यात १ मिग्रॅ. म्हणजे १:१०००.

शीर नसेल, किंवा वॉर्डात मॉनिटर नसेल: मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ०.५ मिली, न पातळ करता. फरक नाही पडला तर पाच मिनिटांनी पुन्हा. दंडात नको, कातडीखाली तर नकोच. मुलांना किलोमागे ०.०१ मिग्रॅ.

शीर आहे, मॉनिटर आहे आणि शिरेतून देण्याची सवय असलेला माणूस हजर आहे: १० मिलीच्या सिरिंजमध्ये १ अँप्युल आणि ९ मिली नॉर्मल सलाईन. आता १ मिलीत १०० मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाला ०.५ मिली, म्हणजे ५० मायक्रोग्रॅम. मिनिट-दोन मिनिटं बघा, पुन्हा द्या. सिरिंजवर पट्टी चिकटवून ठळक लिहा. नाडी लागत असताना अख्खा १ मिग्रॅ शिरेत गेला तर हृदयाचे ठोके बिघडतात, बीपी आभाळाला जातं, फुप्फुसात पाणी भरतं. तो डोस फक्त हृदय थांबल्यावरचा.

तीन डोस देऊनही बीपी टिकत नसेल तर ड्रिप. ५० मिलीच्या पंप-सिरिंजमध्ये १ मिग्रॅ, म्हणजे १ मिलीत २० मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या माणसाला किलोमागे मिनिटाला ०.०५ मायक्रोग्रॅमनं सुरू केलं तर तासाला ९ मिली. पंप नसेल तर ५०० मिली सलाईनमध्ये १ मिग्रॅ. तोच डोस म्हणजे मिनिटाला दीड मिली. मायक्रो सेटवर ९० थेंब, २० थेंबांच्या साध्या सेटवर ३०. बाटलीवर लाल पेनानं लिहा, नाहीतर शिफ्ट बदलल्यावर कुणीतरी ती साधं सलाईन समजून धार सोडतं.

बरोबरीनं पाय वर, ऑक्सिजन, आणि सलाईन ५०० ते १००० मिली दाबून. गरज पडली तर तेवढंच पुन्हा. मोठ्या माणसाचं वरचं बीपी ५०च्या खाली गेलं तर नाडी हाताला लागतेय की नाही यावर वाद घालू नका, छाती दाबायला सुरू करा.

मेफेन्टरमाइनबद्दल: स्पायनलनं पडलेल्या बीपीला ते ठीक. मास्ट पेशींचे दाणे थांबवायचं काम ते करत नाही, अॅड्रेनालिन करतं. दोन डोसांना दाद न देणारं बीपी हीच धोक्याची खूण समजा. फेनिरामिन आणि हायड्रोकॉर्टिसोन मागून द्यायला हरकत नाही, पण ते ओढायला अॅड्रेनालिनच्या आधी कुणी कपाटाकडे धावू नये.

आप्पा_अमळनेरकर

बराबर शे भाऊ. सापाच्या इंजेक्शनला, म्हणजे एएसव्हीला रिअॅक्शन आली की ग्रामीण रुग्णालयातली सिस्टर क्षणात ०.५ मिली मांडीत देते. तिथे हात थरथरत नाही. तीच सिस्टर सर्जिकल वॉर्डात आली की डॉक्टरांच्या फोनची वाट बघते. औषध तेच, डोस तोच, मांडीही तीच.

ओटी_नंबर_दोन

आणि बीटा ब्लॉकरवर (नाडी मंद करणाऱ्या बीपीच्या गोळीवर) असलेला पेशंट? मेटोप्रोलोल घेणारे तर वॉर्डात निम्मे असतात.

तापीकाठ

त्यांच्यात अॅड्रेनालिन कमी लागू पडतं आणि नाडी १४० ऐवजी ६० दिसते, त्यामुळे फसायला होतं. ग्लुकागॉन १ ते २ मिग्रॅ शिरेतून, पाच मिनिटांत हळूहळू. उलटी होते, म्हणून डोकं एका बाजूला. ते महाग आणि बहुतेक ठिकाणी ठेवलेलंच नसतं. नसेल तर व्हॅसोप्रेसिन १ ते २ युनिट. तसंही सगळ्याच रिअॅक्शनमध्ये नाडी वाढत नाही, काहींत ती मंदावते. नळी घातलेल्या पेशंटमध्ये कॅप्नोग्राफकडे बघा. कार्बन डायऑक्साइडचा आकडा झपकन खाली आला तर बीपीच्या कफला दुसरं मोजमाप घ्यायची संधी देत बसू नका.

प्रसूतिकक्ष

सिझरबद्दल कुणी बोलत नाहीये. तिथे सगळं एकावर एक येतं. स्पायनल दिली, अँटिबायोटिक चीर देण्याआधी त्याच पाच मिनिटांत गेलं, बाळ आल्यावर ऑक्सिटोसिन, अधूनमधून जिलेटिनची बाटली. बीपी पडलं तर दोष स्पायनलला. आम्ही वेळेवर बोट ठेवतो. स्पायनलचं बीपी पहिल्या पंधरा मिनिटांत पडतं आणि बीपी चढवणाऱ्या फिनाइलेफ्रिनला मान देतं. ऑक्सिटोसिन झपकन दिलं तर मिनिटभरात चेहरा लाल, बीपी खाली, आणि थोड्याच वेळात पूर्ववत. यात न बसणारं जे असेल, विशेषतः घसा आवळणं, छातीत घरघर, ओठ सुजणं, पोटात मुरडा येऊन संडासची भावना, त्यात ट्रिप्टेज काढायचं. गर्भजलाची गुठळी हा संशयही त्याच यादीत.

जिलेटिनच्या बाटल्यांवर आमचं मत स्पष्ट आहे: त्यांतलं पॉलिजिलिन हिस्टामिन सोडवतं. ज्या बीपीवर इलाज म्हणून ती लावतात, तेच बीपी ती आणखी पाडू शकते. रिंगर लॅक्टेट स्वस्त आहे आणि पुरतं.

सातपुडा

वॉर्डातल्या उशिरा येणाऱ्या झटक्यांसाठी कारणांची यादी ओटीपेक्षा वेगळी. डायक्लोफेनॅकची गुदामार्गातली गोळी, तिचा परिणाम अर्ध्या-पाऊण तासानं. अँटिबायोटिकचा दुसरा डोस. पँटोप्रॅझोल. रक्त किंवा प्लाझ्मा. लघवीची नळी घालताना लावलेली क्लोरहेक्झिडिनची जेली. ही तर कुणी औषध म्हणून केस पेपरवर लिहीतच नाही. रबरी हातमोज्यांचं लॅटेक्स. लिव्हरमधली हायडॅटिडची गाठ काढताना तिच्यातलं पाणी पोटात सांडलं तर तिथेही जोरदार अॅनाफिलॅक्सिस होते. गावात शेळ्या-मेंढ्या आणि कुत्री एकत्र असतात, तेव्हा ही गाठ आपल्याकडे दिसतेच.

धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पेशंटमध्ये सिकलसेलची तपासणी ऑपरेशनआधी झालेली असू द्या. नंतर छातीत दुखून ऑक्सिजन उतरला तर ते मास्ट पेशींचं काम नसून सिकलचा झटका असू शकतो.

आणि कातडीवर दिलेल्या 'टेस्ट डोस'वर विसंबू नका. हातावर फुगा आला नाही म्हणून पूर्ण डोसला काही होणार नाही, याची हमी त्यातून मिळत नाही. तिसऱ्या रस्त्यातल्या पेशंटला तर अजिबात नाही.

मज्जारस

रक्तविकाराच्या बाजूनं. रोजची पातळी कळली, आता पुढे काय?

८च्या खाली असेल तर मास्टोसायटोसिसची शक्यता कमी होते, पण शून्य नाही. हाडाच्या मगजापुरता मर्यादित प्रकार कमी ट्रिप्टेजमध्येही लपतो. ८ किंवा वर असेल तर अल्फा-ट्रिप्टेसेमियाचा विचार करा. पाश्चिमात्य देशांत ही जनुकाची जादा प्रत साधारण ५ टक्के लोकांत सापडते, बहुतेकांना काहीच त्रास नसतो. २०च्या वर सातत्यानं असेल तर मास्टोसायटोसिसच्या निदानाचा एक छोटा निकष तिथेच पूर्ण झाला.

मधल्या लोकांसाठी स्पॅनिश गटाचा रेमा स्कोअर कामाचा. पुरुष +१, स्त्री −१. पित्त, खाज, सूज यातलं काहीच नसेल तर +१, असेल तर −२. चक्कर येऊन पडणं किंवा पडायची वेळ येणं +३. रोजचं ट्रिप्टेज १५च्या खाली −१, २५च्या वर +२. बेरीज २ किंवा जास्त आली तर बिघडलेल्या पेशींचा शोध घ्या. गंमत बघा, अंगावर पित्त न उठता थेट बेशुद्ध पडणारा पुरुष या हिशोबात सर्वांत वर जातो, आणि आपल्याकडे नेमका त्यालाच 'पुरळ नव्हतं, म्हणजे रिअॅक्शन नाही' म्हणून घरी पाठवतात.

आधी रक्तातून किट जनुकातला डी८१६व्ही हा बदल तपासा. जांभळ्या झाकणाच्या दोन ट्यूब. लॅबला विचारूनच पाठवा: अॅलील-स्पेसिफिक पीसीआर किंवा डिजिटल पीसीआर हवं. साधं जनुक-पॅनल थोड्या टक्क्यांखालचा बदल पकडत नाही, आणि इथे तो टक्क्याच्या दहाव्या भागाइतका असू शकतो. 'निगेटिव्ह' रिपोर्ट कुठल्या पद्धतीचा आहे ते वाचल्याशिवाय मानू नका.

मग मगजाची तपासणी. ट्रिफाइन सुईनं काढलेला हाडाचा तुकडा दीड ते दोन सेंटिमीटर तरी असावा. कॅल्शियम काढताना तीव्र आम्ल वापरलं तर डीएनए खराब होतो, म्हणून ईडीटीए. पॅथॉलॉजिस्टला चिठ्ठीत स्पष्ट लिहा, 'मास्टोसायटोसिसचा संशय, सीडी११७, ट्रिप्टेज आणि सीडी२५ लावा'. नेहमीच्या रंगात तकलीसारख्या लांबट मास्ट पेशी इतर पेशींत मिसळून जातात आणि सांगितलं नाही तर शोधल्या जात नाहीत. १५ किंवा जास्त मास्ट पेशींचे दाट पुंजके अनेक ठिकाणी, हा मोठा निकष. छोटे चार: २५ टक्क्यांहून जास्त पेशी विचित्र आकाराच्या, किटमधला बदल, पेशींवर सीडी२५ किंवा सीडी२ (नव्या यादीत सीडी३०ही), आणि ट्रिप्टेज २०च्या वर. मोठा एक अधिक छोटा एक, किंवा छोटे तीन.

'इमॅटिनिब स्वस्तात मिळतं, देऊन बघू' असं काही ठिकाणी सुचवलं जातं. डी८१६व्ही बदलावर ते चालत नाही.

कात्री_चिमटा

ऑपरेशनच्या आधीच ओळखता येईल का? मगज तपासायला आम्ही हर्नियाच्या प्रत्येक पेशंटला पाठवणार नाही.

मज्जारस

नकोच पाठवू. ओपीडीत चार प्रश्न पुरतात. गांधीलमाशी किंवा आग्या मोहोळाच्या माश्या चावून कधी बेशुद्ध पडलात का? रावेर-यावलकडच्या केळीच्या बागांत काम करणाऱ्यांना हा प्रश्न आवर्जून विचारा, कारण माशीच्या विषानं बीपी पडणं आणि मास्टोसायटोसिस यांचं नातं फार जवळचं आहे. आधीच्या भुलेत किंवा कॉन्ट्रास्ट देताना काही झालं होतं का? कमी वयात, विशेषतः पुरुषात, काही मोठं कारण नसताना मणका दबलाय का? आणि अंगावर, मांड्यांवर तपकिरी ठिपके आहेत का?

ठिपके असतील तर जीभ दाबायच्या पट्टीनं एकावर चार-पाच वेळा घासा. काही मिनिटांत तो फुगून खाजायला लागला तर ते मास्टोसायटोसिसचेच. तीळ किंवा डास चावल्याचे जुने डाग समजून ते सोडून दिले जातात. एकाही प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं तर ऑपरेशनआधी एक ट्रिप्टेज. तीच त्याची रोजची पातळी म्हणून फाइलला लागते, पुढे उपयोगी पडते.

प्रसूतिकक्ष

इंटरनेटवर हल्ली 'एमकॅस'चं, म्हणजे मास्ट पेशी पुन्हा पुन्हा पेटण्याच्या आजाराचं, पेव फुटलंय. थकवा, पोट फुगणं, डोकेदुखी, सगळ्याला मास्ट पेशी. तेही इथे येऊन पडणार.

मज्जारस

म्हणूनच तीन अटी एकत्र लागतात. दोन किंवा जास्त अवयवसंस्थांत अचानक, झटक्यांनी येणारा त्रास. त्याच वेळी ट्रिप्टेजची वर सांगितलेली वाढ. आणि मास्ट पेशींवरच्या औषधांना मिळालेला प्रतिसाद. झटक्याच्या वेळचा आकडाच नसेल तर निदान लावू नका. सतत थकलेल्या माणसाला हे लेबल चिकटवलं तर त्याचा थायरॉइड, त्याचं हिमोग्लोबिन, त्याचं नैराश्य बघायचं राहून जातं.

सातपुडा

निदान झालेल्या पेशंटचा गुडघा बदलायचाय किंवा पित्ताशय काढायचंय, तर भुलेची आखणी कशी?

तापीकाठ

रोजच्या अँटिहिस्टामिन गोळ्या ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर चालू. 'उपाशी' म्हणून त्या बंद करणं, ही सर्रास होणारी चूक. आधीचं औषध-कवच केंद्रागणिक थोडं बदलतं. एक प्रचलित पद्धत: प्रेडनिसोलोन ५० मिग्रॅ आदल्या दिवशी आणि पुन्हा ऑपरेशनआधी १-२ तास, तासभर आधी सेटिरिझिन १० मिग्रॅ, फॅमोटिडिन २० मिग्रॅ, मॉन्टेलुकास्ट १० मिग्रॅ. मधुमेह्यांची साखर स्टेरॉइडनं चढणार, ती धरून चला. घाबरणाऱ्याला मिडाझोलॅम, भीती हाही ट्रिगर आहे.

चालणारी औषधं: प्रोपोफॉल, केटामिन, फेंटानिल, सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन, व्हेक्युरोनियम, सिसअॅट्राक्युरियम, लिग्नोकेन, ब्युपिव्हाकेन, पॅरासिटामॉल. टाळायची: मॉर्फिन, कोडीन, अॅट्राक्युरियम, मिव्हाक्युरियम. डायक्लोफेनॅक, केटोरोलॅक आधी घेऊन सोसलेलं असेल तरच. व्हँकोमायसिन लागलंच तर १ ग्रॅम एका तासाहून कमी वेळात नको, दोन तास बरे. औषधं एकेक करून, मध्ये काही मिनिटं सोडून, म्हणजे बिघडलं तर कुणामुळे ते कळतं. वेदना दाबून टाकायला मॉर्फिन नाही म्हणून पेशंटला दुखत ठेवू नका, दुखणंही पेशी चिथवतं. नर्व्ह ब्लॉक किंवा एपिड्युरल वापरा.

तापमानाकडे दुर्लक्ष होतं. बाहेर ४३ अंश, ओटीत एसी १८वर, आणि टेबलावर उघडा पेशंट. कोमट सलाईन, गरम पांघरूण, पेशंट झाकल्यावरच एसी खाली. त्वचा साफ करताना खसाखसा घासणं, चिकटपट्टी झटकन ओढणं, टूर्निकेटचा (हातापायाचा रक्तपुरवठा थांबवणाऱ्या पट्ट्याचा) दाब गरजेपेक्षा जास्त ठेवणं हेही टाळायचं. टूर्निकेट सोडताना अॅड्रेनालिन भरलेलं हाताशी हवं.

नंतर किमान २४ तास नजरेखाली. सावरलेला पेशंट काही तासांनी दुसऱ्यांदा घसरू शकतो, तेव्हा त्याच संध्याकाळी सुट्टी नको.

अँप्युल

औषधपेढीच्या बाजूचं थोडं. असा पेशंट घरी जाताना त्याच्याकडे अॅड्रेनालिन हवं. परदेशात मिळणारं पेनसारखं आपोआप टोचणारं साधन आपल्याकडे सहज मिळत नाही आणि मिळालं तरी खिशाला परवडत नाही. पर्याय: दोन अँप्युल, १ मिलीच्या दोन सिरिंज, २३ नंबरच्या इंचभर सुया, डोसाची चिठ्ठी, सगळं एका छोट्या कडक डब्यात.

इन्शुलिनची सिरिंज देऊ नका. सुई आखूड, औषध कातडीखालीच राहतं. शिवाय खुणांचा घोळ: ०.५ मिली म्हणजे ४०च्या सिरिंजवर २०वी खूण आणि १००च्या सिरिंजवर ५०वी. घाबरलेल्या घरच्यांना हा हिशोब जमणार नाही.

उजेड आणि उष्णता, दोन्हींनी अॅड्रेनालिन खराब होतं. मोटारसायकलच्या डिकीत, पत्र्याच्या घरातल्या फळीवर मे महिन्यात ठेवू नये. मातीच्या माठाशेजारी कोरड्या डब्यात चालेल. बर्फात गोठवू नका. द्रव गुलाबी-तपकिरी दिसला किंवा त्यात कण दिसले तर टाकून द्या, तारीख शिल्लक असली तरी.

ओटी_नंबर_दोन

डिस्चार्ज कार्डावर नेमकं काय लिहायचं? 'ड्रग रिअॅक्शन' लिहून पुढच्याला काहीच कळत नाही.

तापीकाठ

हे लिहा: बीपी पडल्याची वेळ आणि सर्वांत कमी आकडा. त्याआधीच्या एका तासात दिलेली प्रत्येक गोष्ट वेळेसह. औषधं, क्लोरहेक्झिडिन, बीटाडीन, जेली, बोन सिमेंट, बाटल्या, सगळं. किती अॅड्रेनालिन लागलं. ट्रिप्टेजचे तिन्ही आकडे, वेळेसह; तिसरा बाकी असेल तर 'बाकी आहे, अमुक तारखेला काढणे'. भुलेच्या नोंदपत्रकाची झेरॉक्स पेशंटच्या हातात.

अॅलर्जीची त्वचा-तपासणी ४ ते ६ आठवड्यांनी. लगेच केली तर खोटी निगेटिव्ह येते, कारण पेशी रिकाम्या झालेल्या असतात. तिच्या आधी अँटिहिस्टामिन आठवडाभर बंद हवं. पण मास्टोसायटोसिसच्या पेशंटनं ते परस्पर बंद करू नये, तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलून ठरवावं. त्वचा-तपासणीत एखादं औषध सापडलं तरी रोजचं ट्रिप्टेज बघायचंच. अॅलर्जी आणि बिघडलेल्या मास्ट पेशी एकाच माणसात असू शकतात.

कात्री_चिमटा

आणि पेशंट दगावला तर?

लालझाकण

तरीही रक्त काढा. जिवंतपणी काढलेला कुठलाही नमुना लॅबमध्ये शिल्लक असेल तर तो आधी जपा, त्याच सीरमवर ट्रिप्टेज होतं. ऑपरेशनआधीच्या तपासण्यांचं सीरम असेल तर ती रोजची पातळी मिळाली. मृत्यूनंतरचा नमुना मांडीच्या शिरेतून घ्यायचा, हृदयातून नाही. हृदयातल्या रक्तात आकडा उगाच वाढलेला येतो. शवविच्छेदन होणार असेल तर ट्रिप्टेजची मागणी पत्रात आधीच लिहा.